आधी ॲम्प कुठला, ते विचारा

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी मिरजेला आपाकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाला, पोरांना ईदी देऊन झाली, पण भाच्याचा पत्ता नव्हता. माडीवर गेलो. गिटार पिशवीत बंद, ॲम्पवर इस्त्रीचे कपडे, आणि कोपऱ्यात खोक्यात परत भरून ठेवलेलं नवंकोरं पेडल. पोरगा मोबाइलवर. म्हटलं, "काय रे, वाजवायचं सोडलंस?" मान वर न करता म्हणाला, "छोडो मामू. अपने हात मेंच नहीं है वो आवाज."

हे वाक्य माझ्या कानाला नवं नाही. वीसेक वर्षं मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. "सर, अपने दिमाग मेंच नहीं है" हे किती पोरांनी सांगितलं असेल, त्याची गणती नाही. बहुतेक वेळा खोड पोरात नसते. चुकीचं पुस्तक, चुकीचा क्लास, चुकीची पद्धत त्याच्यावर लादलेली असते आणि ती चालली नाही की पोरगं स्वतःलाच दोष देतं. म्हणून मी म्हटलं, काढ ते पेडल बाहेर.

हकीकत अशी निघाली. भाचा एकवीस वर्षांचा, कुरिअरच्या गोदामात कामाला. चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, चांगली वाजवतो. त्याच्याकडे पंधरा वॉटचा, आठ इंची स्पीकरचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा छोटा ॲम्प आहे. व्हिडिओत एका परदेशी वादकानं सांगितलं की ॲम्पला खरा जोर द्यायचा तर हे अमुक ओव्हरड्राइव्ह पेडल घ्या, 'ओरिजिनल'च घ्या, नकला घेऊ नका. किंमत १४,००० रुपये. पोरानं नऊ हप्त्यांवर घेतलं. दुकानदारानं दोन प्रश्न विचारले: कार्ड कुठल्या बँकेचं, आणि हप्ते किती महिन्यांचे. तुझा ॲम्प कुठला, हे विचारलं नाही.

घरी आणून त्यानं व्हिडिओत सांगितल्याबरहुकूम नॉब लावले: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मधोमध. आवाज मोठा झाला आणि नाकातून आल्यासारखा झाला. आणखी जोर यावा म्हणून ॲम्पचा गेन वाढवला, तर पत्रा फाडल्यासारखा आवाज. आठवडाभर झटला आणि मग निष्कर्ष काढला की दोष आपल्या हाताचा.

हा लेख त्या दुकानदाराविरुद्ध, त्या व्हिडिओवाल्याविरुद्ध आणि थोडा आपल्या सगळ्यांविरुद्ध आहे. माझं म्हणणं एवढंच की ओव्हरड्राइव्ह पेडल ॲम्प बघून निवडायचं असतं. जो माणूस ॲम्प न विचारता 'अस्सल' पेडल घ्यायला सांगतो, तो पेडलच्या नावाखाली प्रतिष्ठा विकतो. आणि प्रतिष्ठेची भूक ज्याला जास्त, तो तिथं जास्त फसतो.

मी स्वतः गिटारवादक नाही, दोन-चार कॉर्ड येतात तेवढेच. पण वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे उघडे रेडिओ आणि कव्वालीपार्टीचे ॲम्प्लिफायर यांच्यातच मी वाढलो. त्यामुळे या डबीच्या आत काय असतं, ते मला कळतं. आणि ते कळायला फार अक्कल लागत नाही.

गिटारची तार चुंबकावर गुंडाळलेल्या वेटोळ्यासमोर कंप पावते आणि अगदी क्षीण वीज तयार होते. ॲम्प ती वाढवून स्पीकरला देतो. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये हे काम काचेचे व्हॉल्व्ह करतात. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेची टोकं दबत जातात, पण एकदम तुटत नाहीत. आवाजात नवे स्वर मिसळतात, तो दाट होतो, लांबतो, गायल्यासारखा वाटतो. रॉक आणि ब्लूजचा सगळा संसार या 'बिघाडा'वर उभा आहे. ॲम्प अशा काठावर असेल तर समोरून जरासा धक्का पुरतो. तो धक्का देणारी, पायानं दाबायची धातूची डबी म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल. ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल पूर्ण हा नुस्खा या प्रसंगासाठी आहे. तिथं आवाज फाडायचं काम ॲम्प करतो आणि पेडल त्याला फक्त ढकलतं.

स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पचं तसं नाही. तो मर्यादेपर्यंत स्वच्छ चालतो, आणि मर्यादा आली की लाटेचं डोकं कोयत्यानं कापल्यासारखं सपाट करतो. त्याला धक्का दिला तर तो गात नाही, कर्कश ओरडतो. अशा ॲम्पवर पेडलचा उपयोग उलटा करायचा असतो. ॲम्प अगदी स्वच्छ ठेवायचा, पेडलचा ड्राइव्ह अर्ध्याच्या पुढे न्यायचा, आणि लेव्हल एवढीच ठेवायची की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच मोठा राहील. म्हणजे आवाज पेडलनंच फाडायचा, ॲम्पनं नाही. पेडल तेच, पण काम पूर्ण वेगळं. हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं आहे. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून एका पोरानं गिटार पिशवीत घातली.

जगात सगळ्यात जास्त नक्कल झालेलं ओव्हरड्राइव्ह म्हणजे आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर. त्याचं टीएस८०८ हे रूप १९७९ च्या सुमाराचं, जपानमध्ये मॅक्सॉननं बनवलेलं. नावात 'ट्यूब' आहे, आत एकही ट्यूब नाही. एक ऑप-ॲम्प चिप आहे आणि लाटेची टोकं दाबणारे दोन डायोड. त्याच्या पहिल्या टप्प्यातले रेझिस्टर मोजून हिशेब केला तर ड्राइव्ह शून्यावर असतानाही सिग्नल सुमारे १२ पट वाढतो, आणि नॉब पूर्ण फिरवला तर ११८ पटींच्या आसपास. पण ही वाढ सगळ्या स्वरांना सारखी मिळत नाही. साधारण ७२० हर्ट्झच्या खाली ती कमी कमी होत जाते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे खर्ज जवळजवळ तसाच राहतो आणि मधला पट्टा पुढे येतो.

आता बघा, हा गुण कुठे गुण आहे आणि कुठे अवगुण. मोठ्या, खर्जानं फुगलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पसमोर तो गुण आहे. चिखल कमी होतो, सूर घट्ट होतो, आणि ड्रमच्या गदारोळातही गिटार ऐकू येते. मेटल वाजवणारे आधीच फाटलेल्या ॲम्पसमोर हे पेडल ठेवतात ते याचसाठी. पण ज्याच्या आठ इंची स्पीकरमध्ये मुळातच खर्ज नाही, त्याच्या पुढ्यात मधला पट्टा आणखी वाढवला तर आवाज नाकातच जाणार. भाच्याचा कान बरोबर होता. त्याला जे ऐकू येत होतं, ते खरंच तसं होतं.

या डब्यांचा इतिहासही हेच सांगतो. १९६० च्या दशकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये डॅलस कंपनीनं रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर काढला. जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर, एकच नॉब, आणि डबी पायाखाली नाही तर ॲम्पच्या डोक्यावर ठेवायची. तेव्हाचे ब्रिटिश ॲम्प जोर दिल्यावर मऊ आणि अंधारे वाजत. वरचे स्वर बुडत होते, म्हणून ते वर काढणारी डबी निघाली. म्हणजे बूस्टरचा जन्मच मुळी ॲम्पची उणीव ओळखण्यातून झाला. रोरी गॅलहर आणि टोनी आयोमी यांनी तो वापरला. क्वीनच्या ब्रायन मेनं ट्रेबल बूस्टर आणि व्हॉक्स एसी३० यांची जोडी आयुष्यभर सोडली नाही. त्या क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. आणि ब्रायन मेची गिटार कुठल्या कंपनीची? कुठल्याच नाही. बापलेकानं घरी बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. मेच्या डबीसारखी डबी हवी म्हणून लोक पैसे मोजतात, पण ती डबी एका ठरावीक ॲम्पसाठी आहे, हे विसरतात.

आता 'अस्सल'कडे येऊ. ट्यूब स्क्रीमरच्या भक्तांमध्ये एका चिपची पूजा चालते: जेआरसी४५५८. जुन्या पेडलमध्ये ती असेल तर भाव वेगळा. आमच्या दुकानात ४५५८ बरणीत पडलेली असायची. बास-ट्रेबलच्या साध्या किटमध्ये तीच बसते. आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ती चहाच्या दरात मिळेल. आणि गंमत म्हणजे ती जपानी चिप स्वतःच मूळ नाही. ४५५८ ची रचना अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीची. जपान्यांनी ती आपल्याकडे बनवली. ज्या गोष्टीला 'ओरिजिनल' म्हणून नमस्कार चाललाय, ती दुसऱ्याच्या रचनेवरून केलेली. टीएस८०८ आणि नंतरच्या टीएस९ यांच्यातल्या फरकावर पानंच्या पानं लिहिली जातात. सर्किटमध्ये तो फरक मुख्यतः बाहेर जाण्याच्या वाटेवरच्या दोन रेझिस्टरांचा आहे.

दुसरं उदाहरण याहून मोठं. अमेरिकेत बिल फिनेगन या माणसानं १९९४ पासून क्लॉन सेंटॉर नावाचं पेडल हातानं बनवलं. सुमारे ८,००० नग निघाले आणि उत्पादन थांबलं. सर्किट कुणी चोरू नये म्हणून त्यावर काळा लेप ओतलेला. आज एक जुना नग काही लाख रुपयांना जातो. चांगलं पेडल आहे, शंका नाही. आतली वीज ९ व्होल्टवरून वाढवलेली, त्यामुळे सिग्नलला भरपूर मोकळी जागा मिळते. पण लोक ज्या जादुई जर्मेनियम डायोडांच्या कथा सांगतात, ते डायोड गेन कमी ठेवून नुसता बूस्ट म्हणून वापरताना फारसं काम करतच नाहीत. आणि बहुतेक जण तो तसाच वापरतात! हौशी मंडळींनी तो काळा लेप खरवडून सर्किट कागदावर उतरवलं, तेव्हापासून त्याच्या नकला सगळीकडे मिळतात. फिनेगनची गोष्ट मात्र प्रामाणिक. पुढे त्यानं याच सर्किटचं छोटं पेडल काढलं आणि त्याच्या डबीवर, हा जो हास्यास्पद गवगवा चाललाय तो माझा केलेला नाही, अशा अर्थाची ओळ छापली. बनवणाऱ्याला लाज वाटते, विकणाऱ्याला वाटत नाही.

आणि ज्या ॲम्पच्या आवाजाला जग 'रॉकचा अस्सल आवाज' म्हणतं, त्या मार्शलचं काय? लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. अमेरिकन फेंडर ॲम्प तिथं महाग पडत आणि पोरांना मोठा आवाज हवा होता. १९६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी फेंडरचा बासमन ॲम्प समोर ठेवला आणि त्यावरून जेटीएम४५ बनवला. सर्किट जवळजवळ तेच, भाग मात्र इंग्लंडमध्ये मिळतील ते. व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर वेगळे, खोकं वेगळं. त्यातून जो आवाज निघाला तो फेंडरचा राहिला नाही. नक्कल होती, आणि तिच्यातून स्वतःचं घराणं तयार झालं. त्या दिवशी मार्शलना कुणी 'ओरिजिनलच घ्या' म्हणून गप्प बसवलं असतं तर?

इथं मला आपल्या माणसांशी दोन शब्द बोलायचेत. 'अस्सल' या शब्दानं आपण इतके का घायाळ होतो? मला वाटतं, आपल्याला आयुष्यभर नक्कल म्हणून वागवलं गेलंय, म्हणून. उत्तरेतून आलेला एखादा शायर आमची उर्दू ऐकून मिशीत हसतो: दखनी आहे, शीन-क़ाफ़ नीट नाही. आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी प्रेमानं म्हणतो, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" म्हणजे दोन्ही घरांत आम्ही पाहुणेच. घरातही तेच. लग्नाच्या बैठकीत अशराफ कोण आणि बाकीचे कोण, याची कुजबुज अजून संपलेली नाही. अशा वातावरणात वाढलेल्या पोराला कुणी म्हटलं की हे ओरिजिनल आहे, हे घेतलंस की तू खरा वादक, तर तो नऊ काय अठरा हप्ते भरेल. पेडलवाला त्याची ही जखम ओळखत नसेल, पण पैसा तिच्यातूनच काढतो.

कुणी म्हणेल, मग नकलेचं समर्थन करताय का? एक फरक नीट करू. दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह छापून माल विकणं ही चोरी आहे, तिला माझा विरोध आहे. पण जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या सर्किटवरून स्वतःच्या नावानं पेडल बनवणं ही चोरी नाही, ती कारागिरीची परंपरा आहे. फेंडर, मार्शल, जपानी चिप, सगळे तिच्यातलेच. दुसरा आक्षेप असा येतो की महाग माल टिकतो. काही अंशी खरं आहे. मजबूत डबी, चांगला स्विच, कमी खरखर यांना पैसे मोजावेत. रोज स्टेजवर लाथा खाणारं पेडल असेल तर जरूर मोजावेत. पण टिकाऊपणाची किंमत वेगळी आणि दंतकथेची किंमत वेगळी, आणि बिलात दोन्ही एकाच ओळीत येतात.

मिरजेत बसून हे लिहिताना सतारमेकर गल्ली आठवणार नाही असं होणारच नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी तलवारी-भाले सोडून सतारी-तंबोरे बनवायला घेतले. फरीदसाहेबांपासून ती विद्या चालत आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. हाही अस्सलपणाचाच शिक्का ना, असं कुणी विचारेल. हो, पण तो कारागिराच्या नावाचं आणि भाकरीचं रक्षण करतो. त्याविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही.

मला त्या गल्लीतली दुसरी गोष्ट सांगायचीय. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीनं घासून अशी उतरण देतात की तार तिला हलकेच घासत वाजते. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. मग साधा टणत्कार जातो आणि स्वरांचा पुंजका उमलतो. ही जवारी. तंत्रानं वेगळी, पण कल्पना तीच: तारेच्या स्वच्छ आवाजात मुद्दाम खर आणायची आणि त्यातून नवे स्वर काढायचे. म्हणजे ज्याला लोक विलायती धिंगाणा म्हणतात, त्याची चुलत बहीण आपल्या मोहल्ल्यात पिढ्यान् पिढ्या नांदतेय. आता त्या कारागिराकडे जाऊन म्हणा, तंबोऱ्याची जवारी काढून द्या. तो आधी विचारेल: गाणार कोण? बाई की बुवा? पट्टी कुठली? सतार असेल तर विचारेल, खुली हवी की बंद? उत्तर मिळाल्याशिवाय कानस उचलणार नाही. शाळेची पायरी फारशी न चढलेला हा माणूस जो प्रश्न पहिला विचारतो, तो काचेच्या दुकानातल्या टायवाल्याला सुचत नाही.

दुल्हेभाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते मुळात गिटारच हराम, मग पेडलची चर्चा कशाला? मी वाद घातला नाही. समा जायज की नाजायज, यावर आपल्या बुजुर्गांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत आणि ते माझ्यासारख्या मास्तरानं सोडवायचे नाहीत. एवढंच म्हणालो की ज्या मिरजेत आपण बसलोय, ती विजापूरच्या आदिलशाहीत होती. तिथला दुसरा इब्राहिम आदिलशाह, ज्यानं दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहिली, त्यानं आपल्या तंबुऱ्याला 'मोतीखान' असं नाव ठेवलं होतं. आणि ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या ज्या दर्ग्याला आपण दर उरुसाला जातो, तिथंच अब्दुल करीम खाँसाहेब दफन आहेत, त्यांच्या आठवणीत तिथं गाणं होतं. मग विचारलं, "दुल्हेभाई, हप्ते कुणाच्या कार्डावर चाललेत?" ते गप्प झाले. कार्ड त्यांचंच. गिटारच्या हराम-हलालवर तासभर बोलणारा माणूस कर्जाच्या कागदावर न वाचता सही करतो. 'नो कॉस्ट' लिहिलेलं असतं, पण प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी जातोच. सूद आणि इसराफ हे शब्द आपल्या मशिदीच्या वाजात वर्षातून कितीदा येतात! पोरगं दुकानात उभं असताना मात्र ते कुणाला आठवत नाहीत.

आता ज्यांना खरंच पेडल घ्यायचंय, त्यांच्यासाठी सरळ सांगतो.

तुमचा ॲम्प व्हॉल्व्हचा असेल आणि तुम्ही तो फाटायच्या काठापर्यंत वाजवू शकत असाल, तर बूस्टचा विचार करा. ॲम्पचा आवाज खर्जानं फुगलेला, पसरट असेल तर ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं पेडल. ॲम्पचा स्वर आवडतोच आहे, फक्त जोर हवा असेल तर क्लीन बूस्ट, ज्यात स्वतःचा रंग कमी. ॲम्प अंधारा असेल तर ट्रेबल बूस्टर. आणि लक्षात ठेवा, ॲम्प आधीच पूर्ण फाटलेला असेल तर बूस्टनं आवाज मोठा होणार नाही, आणखी दाट आणि दबलेला होईल. मोठा हवा असेल तर ॲम्पचा मास्टर नॉब फिरवा, तो फुकट आहे.

ॲम्प ट्रान्झिस्टरचा, घरगुती असेल, तर महागड्या पेडलच्या नादी लागू नका. बॉसचं एसडी-१ १९८१ पासून बाजारात आहे, आणि त्याहूनही स्वस्त अशी स्वतःच्या नावानं विकली जाणारी अनेक पेडलं आहेत. सेकंडहँडही चालतं. ॲम्प स्वच्छ, ड्राइव्ह पेडलवर, खर्ज ॲम्पवर थोडा वाढवून. हातात सोल्डरिंगची सवय असेल तर भाग आणून घरी बनवा. सर्किट लहान आहे आणि बनवताना जे कळतं ते कुठल्या व्हिडिओत मिळत नाही. पैसे उरले तर बरा स्पीकर असलेल्या ॲम्पसाठी बाजूला ठेवा. आवाजात खरा फरक तिथं पडतो.

दुकानात ऐकताना एक सावधगिरी बाळगा. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, कारण आवाज मोठा केला की खर्ज आणि तीव्र स्वर कानाला जास्त भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मांडलंय. दुकानदार पेडल चालू करतो तेव्हा लेव्हल हळूच वर असते, आणि आपण म्हणतो, वा! तेव्हा आधी चालू-बंद दोन्ही आवाज सारखे करा. मग पाठ फिरवून उभे राहा आणि मित्राला दोन पेडलं आलटून पालटून वाजवायला सांगा. डोळ्यांना नाव दिसलं नाही की कान खरं बोलतात. आणि शक्य असेल तर स्वतःचा ॲम्प दुकानात उचलून न्या. लोक हसतील. हसू द्या.

त्या दुपारी आम्ही माडीवर तेच केलं. ॲम्पवरचे कपडे काढले. क्लीन चॅनल, बास थोडा वर. पेडलचा ड्राइव्ह दोनच्या काट्यावर, लेव्हल बरोबरीला. मग वडिलांच्या जुन्या ट्रंकेतून एक बारा इंची स्पीकर काढला, ओहम जुळतात का ते बघितलं आणि ॲम्पला जोडला. भाच्यानं गिटार पिशवीतून काढली, पाच मिनिटं सूर लावण्यात घालवली आणि एक लांब सूर ओढला. तो परदेशी व्हिडिओसारखा नव्हता, पण दाट होता, टिकला आणि उतरत उतरत गेला. खालून आपाची हाक आली, "अरे, चाय हो गई!" पोरगा उठला नाही.

मग त्यानं विचारलं, "मामू, ये तो दो-तीन हजार के पेडल से भी हो जाता था?" म्हटलं, हो, जवळजवळ असंच. तो थोडा वेळ हप्ते मोजत बसला. अजून सहा बाकी आहेत. ते भरावेच लागणार, त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण पुढच्या जुम्म्याला गोदामातला त्याचा एक दोस्त पेडल घ्यायला सांगलीला जाणार आहे. भाचा म्हणाला, मीही जातो सोबत, आणि त्याचा ॲम्प उचलून नेतो.